एकच राउटर की चार डबे?

वाढत्या धंद्याच्या नेटवर्कबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण त्यात विचारलेलं बहुतेकांच्या कारखान्यात आणि ऑफिसात आज घडतंय.

प्रश्न : ताई, भोसरी एमआयडीसीत आमचा शीट मेटलचा कारखाना आहे. सुरुवातीला ६ कॉम्प्युटर होते, ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या डब्यावर भागायचं. आता २ शेड, २२ कॉम्प्युटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन असा पसारा आहे, लेझर कटिंग मशीनही नेटवर्कवर आहे. रेंज मिळेना तसतसे बुधवार पेठेतून एकेक वाय-फाय राउटर आणून जोडत गेलो, असे चार डबे झालेत. नऱ्ह्याला नुकतंच डिझाइन ऑफिस घेतलंय. तिथून भोसरीचं टॅली आणि ड्रॉइंगं उघडायची आहेत. एका एजन्सीने मल्टिफंक्शन राउटरचं कोटेशन दिलंय. फायरवॉल म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा पहारा, व्हीपीएन म्हणजे दोन ऑफिसं जोडणारी सुरक्षित वाट, दोन इंटरनेट लाइन, वाय-फाय असं सगळं एकात. किंमत मात्र आमच्या चारही डब्यांच्या कितीतरी पट आहे. खरंच गरज आहे का? – एक उद्योजक, भोसरी

उत्तर : गरज आहे. पण पैसे नक्की कशाचे द्यायचे हे ठरवण्यासाठी आधी तुमच्या चार डब्यांमध्ये आत्ता काय चाललंय ते समजून घ्या.

घरगुती वाय-फाय राउटर आपल्यामागे स्वतःचं एक छोटं नेटवर्क उभं करतो. त्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो स्वतः पत्ता वाटतो आणि बाहेर जाताना ते सगळे पत्ते आपल्या एका पत्त्याआड झाकतो. एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा असे राउटर लावले की पहिल्या शेडमधल्या कॉम्प्युटरला दुसऱ्या शेडमधला प्रिंटर दिसत नाही. कॅमेरे एका मोबाइलवर दिसतात, दुसऱ्यावर नाहीत. कुणाच्या हातून केबल भलत्या पोर्टात गेली तर दोन राउटर एकाच नेटवर्कात पत्ते वाटू लागतात, आणि सकाळी नीट चाललेलं टॅली दुपारी उघडत नाही. मग कुणीतरी सगळे डबे बंद करून पुन्हा चालू करतं, तात्पुरतं सुरळीत होतं आणि कारण कधीच सापडत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही लिहिलेलं नाही, पण ऑफिसात विचारून बघा.

हा त्रास एक पैसा न घालता बराच कमी करता येतो. पुष्कळ राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाची सोय असते. तीन डबे त्या मोडवर टाका, म्हणजे ते फक्त वाय-फाय देतील आणि पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहील. एजन्सीशी बोलण्याआधी हे करा. त्यानंतरही ज्या अडचणी उरतील, त्यांच्यासाठी मोठा राउटर.

तुमच्या बाबतीत त्या तीन उरतील असं मला दिसतं.

पहिली इंटरनेट लाइनची. पुण्यात रस्ता खोदला जातो, खांबावरची केबल उंच टेंपोला अडकते, वळवाच्या पावसात फांदी पडते, आणि लाइन जाते. ई-वे बिल निघालं नाही की गाडी गेटवर उभी. दोन लाइन घेणाऱ्या राउटरला पहिली गेल्याचं कळतं आणि तो कुणी हात न लावता दुसरीवर जातो. पण इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात, आणि कोटेशनमध्ये त्या क्वचितच लिहिलेल्या असतात. दोन्ही लाइन वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी एकाच खांबावरून येत असतील तर एकच टेंपो दोन्ही तोडेल. म्हणून दुसरी लाइन वेगळ्या बाजूने घ्या किंवा ४जी-५जी सिमवर ठेवा. दुसरी गोष्ट अशी, की राउटर लाइन गेल्याचं कशावरून ठरवतो ते विचारा. केबल लांब चौकात तुटली तरी तुमच्या भिंतीवरच्या डब्याशी असलेली जोडणी शाबूत असते, दिवा हिरवाच दिसतो. राउटरने दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येतंय का ते तपासायला हवं. तशी सोय असते, ती चालू करून घ्या. आणि बसवणाऱ्याच्या देखत मुख्य लाइनची फायबर काढून बघा.

दोन्ही लाइन एकदम वापरून वेग दुप्पट होईल असं तुम्हाला सांगितलं असेल. १०० एमबीपीएसच्या दोन लाइन असल्या तरी एका फाइलचं डाउनलोड साधारणपणे एकाच लाइनवरून होतं. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या लाइनवर वाटली जातात, तेवढा फायदा खरा. मात्र अशी वाटणी केली की बँकेच्या काही संकेतस्थळांवर मध्येच लॉगआउट होतं, कारण समोरच्याला तुमचा पत्ता अचानक बदललेला दिसतो. अकाउंट्सचे कॉम्प्युटर एकाच लाइनला बांधून ठेवा. दुसरी लाइन त्यांनी फक्त पहिली गेल्यावर वापरायची.

दुसरी अडचण लेझर मशीनची. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. अशा मशीनचा कंट्रोलर बऱ्याचदा जुन्या विंडोजवर चालतो. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. मशीन अजून कित्येक वर्षं उत्तम कापेल, पण त्यातल्या विंडोजला दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि मशीन बनवणाऱ्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला तिथे काही बदलताही येत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा रेनो या फ्रेंच मोटार कंपनीला आपल्या काही कारखान्यांतलं उत्पादन थांबवावं लागलं. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, ती सगळीकडे बसवली गेली नव्हती. ऑगस्ट २०१८मध्ये तैवानच्या टीएसएमसीत एक नवीन मशीन व्हायरसची तपासणी न करता नेटवर्कला जोडलं गेलं आणि वॉनाक्रायच्याच जातीचा व्हायरस त्या कंपनीच्या कारखान्यांत शिरला. चिपा बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. त्यांच्याकडे माणसंही होती आणि पैसाही.

मल्टिफंक्शन राउटर एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं चालवू शकतो, त्यांना व्हीलॅन म्हणतात. कॅमेरे एकात, मशीन दुसऱ्यात, अकाउंट्स आणि डिझाइन तिसऱ्यात, पाहुण्यांचे मोबाइल चौथ्यात. मग नियम लिहायचा, की डिझाइनच्या ठरावीक कॉम्प्युटरवरून मशीनकडे फाइल जाईल, बाकी कुणाची तिकडे वाट नाही, आणि मशीनला इंटरनेट नाही. सर्व्हिस इंजिनिअरला दुरून जोडायचं असेल तर तेवढ्या वेळापुरतं उघडून द्यायचं. उद्या पावडर कोटिंगचा विभाग सुरू केलात तर पाचवा डबा न आणता याच राउटरमध्ये एक नेटवर्क आणि दोन-तीन नियम वाढतील, ते एका जागी लिहिलेले असतील आणि तुम्हाला वाचता येतील. वाढत्या कारखान्याला या राउटरचा खरा उपयोग हा आहे. यासाठी केबली एकत्र जोडणारे स्विचही व्हीलॅन समजणारे, म्हणजे मॅनेज्ड लागतील. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ते नसतील तर आत्ताच विचारा.

तिसरी अडचण नऱ्ह्याची. काही लोक भोसरीच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून आत यायला वाट देऊन, रिमोट डेस्कटॉप ही दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय थेट इंटरनेटवर उघडी ठेवतात. स्वस्तात होतं, पण तुम्ही ते कदापि करू देऊ नका. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे प्रवेशाचा क्रमांक, उघडा आहे का हे बघत जगभर आपोआप चालणारे प्रोग्राम फिरत असतात आणि सापडला की पासवर्ड लावून बघायला सुरुवात करतात. व्हीपीएनने दोन ऑफिसं जोडली की नऱ्ह्याचा कॉम्प्युटर जणू भोसरीतच बसलाय असं काम होतं आणि मधलं सगळं कूटबद्ध जातं. त्याआधी तीन गोष्टी तपासा. भोसरीच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही इतर ग्राहकांबरोबर एकच सार्वजनिक पत्ता वापरताय आणि बाहेरून तुमच्यापर्यंत थेट पोचता येणार नाही. निदान एका टोकाला कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घ्या. दोन्ही ऑफिसांची आतली पत्त्यांची मालिका वेगळी हवी. पुष्कळ डबे १९२.१६८.१ वरच येतात, तेच दोन्हीकडे राहिलं तर व्हीपीएन लागूनही काही दिसणार नाही. आणि भोसरीचा अपलोड वेग बघा, कारण नऱ्ह्याला ड्रॉइंग डाउनलोड होतं ते भोसरीचं अपलोड असतं.

आता किमतीबद्दल. खोक्यावर छापलेलं १ गिगाबिट हा बहुतेक वेळा नुसत्या पोर्टचा वेग असतो. फायरवॉलची सखोल तपासणी चालू केली, व्हीपीएन लावलं की त्याच राउटरचा वेग पुष्कळ खाली येतो. तांत्रिक माहितीपत्रकात व्हीपीएनचा आणि तपासणीसह मिळणारा वेग वेगळा दिलेला असतो. तो तुमच्या लाइनच्या वेगापेक्षा जास्त हवा, पुढे लाइन वाढवणार असाल तर त्या वेगापेक्षा. माहितीपत्रकात हे आकडेच नसतील तर तो राउटर घेऊ नका.

वाय-फाय मात्र राउटरमधलं वापरू नका. राउटर ऑफिसातल्या रॅकमध्ये राहणार आणि पत्र्याच्या शेडमध्ये लहरी चारी बाजूंनी आदळून परत येणार. छताजवळ वेगळे ॲक्सेस पॉइंट लावा. त्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देता येते, वेगळा प्लग लागत नाही. राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावून फाइल सर्व्हर करायची सोयही जाहिरातीत दिसेल. कारखान्याची ड्रॉइंगं तिथे ठेवू नयेत.

दोन शेडमधली केबल तांब्याची आहे का? तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, आणि उघड्यावरून गेलेली असेल तर वळवाच्या दिवसांत जवळ वीज पडली की दोन्हीकडची पोर्टं जळतात. नवा राउटर लावण्याआधी तिथे फायबर टाका. फायबर काचेचं, त्यातून विजेचा झटका पलीकडे जात नाही. धातूची तार नसलेली फायबर मागा.

सगळं एकाच पेटीत ठेवलं आणि ती पेटीच बंद पडली तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. राउटर, मुख्य स्विच आणि ब्रॉडबँडचा डबा तिन्ही एका यूपीएसवर ठेवा. सेटिंगची प्रत दर बदलानंतर काढून कॉम्प्युटरवर ठेवा. तुमच्या जुन्या डब्यांतला एक, फक्त इंटरनेट चालेल इतपत सेट करून, कपाटात ठेवा. एजन्सीकडून दुसरा राउटर येईपर्यंत बिलं तरी निघतील. तुमचे कॉम्प्युटर शंभर-दीडशेवर गेले आणि नेटवर्कसाठी पूर्णवेळ माणूस ठेवलात, की फायरवॉल आणि राउटर वेगळे करण्याचा विचार करा. आज नको.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमची सीए फर्म आहे. राउटर १० वर्षांहून जुना आहे, पण अजून ठणठणीत चालतोय. त्यात अपडेट वगैरे कधी केलं नाही. चालणारी वस्तू बदलायची गरज आहे का? लॉग, म्हणजे कधी काय घडलं त्याच्या नोंदी, ठेवणं कायद्याने बंधनकारक झालंय असंही ऐकलं. – एक सीए, सदाशिव पेठ

उत्तर : चालतोय म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. मे २०१८मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, उघडकीस आलं, तेव्हा ५४ देशांत मिळून किमान ५ लाख उपकरणं, मुख्यतः छोट्या ऑफिसांचे आणि घरांचे राउटर, त्याच्या ताब्यात गेलेली होती. त्यांतले पुष्कळ मालकांच्या दृष्टीने ठणठणीतच चालत होते. तुमच्याकडे शेकडो लोकांची विवरणपत्रं, पॅन आणि बँक खाती आहेत. ती तुमची नाहीत, लोकांनी विश्वासाने दिलेली आहेत.

राउटरच्या खालच्या बाजूला मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती लिहिलेली असते. ती घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. मॉडेलचा आधार संपला असेल, तर तो राउटर यापुढे चालवू नका. नवा घेताना त्या मॉडेलला किती वर्षं अपडेट मिळणार ते लेखी मागा. बसवल्या दिवशी ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला आणि इंटरनेटच्या बाजूने राउटर उघडता येण्याची सोय बंद करा. तुमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या आर्टिकल मुलांचे मोबाइल आणि येणारे अशील यांच्यासाठी पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवा, तिथून ऑफिसचा सर्व्हर दिसता कामा नये.

लॉगबद्दल ऐकलंत ते खरं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले. त्यानुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. लहान उद्योगांना अंमलबजावणीसाठी २५ सप्टेंबर २०२२पर्यंत मुदत होती, ती केव्हाच संपली. जुन्या घरगुती डब्यात लॉग जेमतेम काही तासांचे राहतात आणि वीज गेली की पुसले जातात. नव्या राउटरला ते ऑफिसातल्या एखाद्या सर्व्हरकडे सतत पाठवायला सांगता येतं. घड्याळही इंटरनेटवरून जुळवून घ्या. राउटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर कुठली गोष्ट कधी घडली हे लॉगमधून सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : मार्केट यार्डात गूळ-भुसार मालाचा आमचा गाळा आणि मागे ऑफिस आहे. राउटरबरोबर दरवर्षी लायसन्स घ्यायला सांगताहेत. एकदा वस्तू विकत घेतली, मग दरवर्षी पैसे कशाचे? – एक व्यापारी, मार्केट यार्ड

उत्तर : धोकादायक संकेतस्थळांच्या याद्या आणि हल्ल्यांची लक्षणं रोज बदलतात, ती पोचवण्याचे ते पैसे. त्यात गैर काही नाही. पण लायसन्स संपल्यावर नक्की काय बंद होईल ते लेखी घ्या. बऱ्याच राउटरमध्ये इंटरनेट आणि व्हीपीएन चालू राहतं, फक्त याद्या जुन्या होतात. काहींमध्ये याहून जास्त बंद पडतं. तुलना करताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, राउटर अधिक ३ वर्षांचं लायसन्स अशी बेरीज करून दोन कोटेशनं समोरासमोर ठेवा. तुमच्या ऑफिसात ५-६ कॉम्प्युटर असतील तर दोन लाइन, व्हीलॅन आणि व्हीपीएन देणारा, वार्षिक लायसन्स न लागणारा साधा राउटरही पुरेल. असे मिळतात. एजन्सी ते स्वतःहून सुचवेलच असं नाही, तुम्ही विचारा.

प्रश्न : वाघोलीला माझा रेडिमेड कपड्यांचा धंदा आहे. गोडाऊन, पॅकिंग, ऑनलाइन ऑर्डरी, सगळं इंटरनेटवर. मल्टिफंक्शन राउटर दोन वर्षांपूर्वीच घेतला. बसवणाऱ्या मुलाने काम सोडलं, आता पासवर्ड कुणाकडेच नाही. शिवाय इंटरनेटवरून ग्राहकांशी बोलताना आमचा आवाज त्यांना तुटक ऐकू येतो, त्यांचा आम्हाला नीट येतो. – एक उद्योजिका, वाघोली

उत्तर : आधी पासवर्डचं बघू, कारण त्याशिवाय आवाजाचं दुरुस्त करता येणार नाही.

राउटर रीसेट करून नवा पासवर्ड घालता येतो, पण रीसेटबरोबर आतलं सगळं जातं. म्हणून बटण दाबण्याआधी ब्रॉडबँड कंपनीला फोन करून तुमच्या लाइनचा युजर आयडी, पासवर्ड, लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक आणि स्टॅटिक आयपी असेल तर त्याचे तपशील ईमेलवर मागवा. कोणत्या पोर्टात कुठली केबल आहे त्याचे फोटो काढा, प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा. पॅकिंग बंद असेल असा दिवस निवडा आणि जाणकार माणूस समोर असतानाच रीसेट करा. राउटर क्लाउडवरून चालणारा असेल तर त्याचं खातं त्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर रीसेट करूनही राउटर त्याच खात्याला बांधलेला राहू शकतो. खरेदीचं बिल घेऊन उत्पादक कंपनीच्या मदत केंद्राकडून तो सोडवून घ्या आणि धंद्याच्या ईमेलवर नवं खातं काढा. मुख्य ॲडमिन तुम्ही स्वतः व्हा. बसवणाऱ्याला दुसरं खातं द्या, म्हणजे तो गेला की ते एक खातं बंद केलं की झालं. तुम्हाला राउटरमधलं प्रत्येक सेटिंग कळायची गरज नाही, पण किल्ली तुमच्याकडेच हवी.

आता आवाज. तुमचा आवाज तिकडे तुटतो आणि त्यांचा इकडे नीट येतो, म्हणजे अडचण बाहेर जाणाऱ्या दिशेला आहे. गोडाऊनचे कॅमेरे क्लाउडवर चित्र पाठवत असतील, मालाचे फोटो अपलोड होत असतील, त्यांच्या रांगेत तुमच्या आवाजाचे तुकडे अडकतात. तुळशीबागेतल्या अरुंद बोळात हातगाडी पुढे असली की मागचा सायकलवाला कितीही चपळ असो, थांबतोच. एका कॉलला लाइन फारशी लागत नाही, नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक दिशेला १०० केबीपीएसच्या आतच भागतं. पण ते वेळेवर पोचावं लागतं.

राउटरमध्ये कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारा क्यूओएस नावाचा भाग असतो. तिथे लाइनचा खरा अपलोड वेग मोजून त्याच्या साधारण ९० टक्के आकडा लिहा. मग रांग ब्रॉडबँडच्या डब्यात न साचता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं. फोनला पहिलं प्राधान्य द्या, ऑर्डरींच्या कॉम्प्युटरना दुसरं, कॅमेऱ्यांना शेवटचं. कॅमेऱ्यांचं चित्र रात्री पूर्ण दर्जाचं आणि दिवसा हलक्या दर्जाचं पाठवता येत असेल तर तेही करा. सिप एएलजी नावाचं एक सेटिंग बऱ्याच राउटरमध्ये आधीपासून चालू असतं. इंटरनेट फोनच्या मदतीसाठी म्हणून ते दिलेलं असतं, प्रत्यक्षात त्यानेच कधी एका बाजूचा आवाज जातो, कधी कॉल मध्येच तुटतो. ते बंद करून बघा. एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक बदलानंतर दोन-तीन कॉल लावून ऐका, आणि आवाज सुधारला की त्या क्षणाच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा.